डोनरचं वय

फेल्डहोवन,
१४ सप्टेंबर २०२०

ति. ताईस,
आशुतोषचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर दोन वाक्यं झाली की मला खोकल्याची उबळ येते, आणि व्हिडिओ लावला की तू माझ्याकडे न बघता नाकातल्या नळीकडे बघत बसतेस. म्हणून हे पत्र. टपालाचा सध्या भरवसा नाही, तेव्हा कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तूही तसंच कर. फक्त श्रीधररावांना सांग, फोटोत अंगठा येऊ देऊ नका.

बातमी अशी की फुप्फुसांच्या ट्रान्सप्लांटच्या यादीत माझं नाव लागलं. चार महिने तपासण्या चालल्या होत्या, त्यातल्या निम्म्या कोविडमुळे दोनदा पुढे ढकलल्या गेल्या. आता फोन वाजेल तेव्हा निघायचं. तो उद्या वाजेल किंवा दोन वर्षांनी.

पण शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी एक विचित्र प्रश्न विचारला. डोनर साठीच्या, सत्तरीच्या पुढचा असला तर चालेल का, म्हणाल्या. मी समजत होतो की आपल्या वयाच्या आसपासचं काहीतरी मिळतं. बाई अगदी सहज सांगत होत्या, की वय जास्त असलं तरी फुप्फुसं चांगली असतील तर आम्ही वापरतो, उंची आणि रक्तगट आधी बघतो. मी स्पष्ट सांगितलं, पन्नासच्या वर नको. त्यांनी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. इथली माणसं वाद घालत नाहीत, लिहून घेतात.

तू चिडायच्या आधी ऐक. मी आठवडाभर शोधनिबंध वाचलेत. तरुण पेशंटला बऱ्याच मोठ्या वयाच्या डोनरची फुप्फुसं बसवली तर पुढच्या वर्षांत निकाल जरा उतरतात, असं काहींत आहे. काहींत फरक दिसत नाही, हेही खरं. मी तक्ता केलाय. माझं वय सेहेचाळीस, अमृताचं चौदा. मला पाच वर्षं नकोत, पंधरा हवीत. अडुसष्ट वर्षं चाललेला पार्ट मी मशीनमध्ये बसवत नाही, छातीत का बसवू?

संहिता माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. तू तरी बोल. माया आहे तेवढी राहू दे, आवाज मात्र थोडा कमी कर.

तुझा,
आशुतोष


पुणे,
२१ सप्टेंबर २०२०

चि. आशुतोष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. ह्यांनाही वाचायला दिलं, म्हणजे मी चिडले तर साक्षीदार असावा.

साठीच्या पुढची फुप्फुसं तुला नकोत. मी एकसष्ट वर्षांची आहे, हे लिहिताना तुझ्या लक्षात होतं का? मार्चपासून आमची लिफ्ट बंद आहे, कारण त्या बटणाला कुणी हात लावायचा यावर सोसायटीचं एकमत होत नाही. भाजी घेऊन चार मजले मी दिवसातून दोनदा चढते. तिसऱ्या मजल्यावरचा पस्तिशीचा सतीश दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा असतो आणि मला म्हणतो, काकू, पुढे व्हा. आता सांग, कुणाची फुप्फुसं पंचवीस वर्षांनी जुनी?

शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली. आमच्याकडे एक मायक्रोस्कोप माझ्या जन्माच्या आधीचा होता आणि सहा नवे होते. पेशी दाखवायच्या असल्या की मुलं कुठल्यापाशी रांग लावायची ते विचार ह्यांना. भिंग चांगलं की वाईट हे त्यातून बघून ठरवतात रे, खरेदीची तारीख बघून नाही. डॉक्टरसुद्धा बघूनच ठरवत असतील, एवढा विश्वास ठेव.

आणि पार्ट म्हणे! कुणीतरी माणूस जाणार, त्याच्या घरचे रडता रडता हो म्हणणार, आणि आमचे इंजिनियर इकडून विचारणार, कुठल्या सालचं मॉडेल?

आवाज कमी केलाय, असं समज. औषधं वेळेवर घे. संहिताशी आधी तू बोल, मोठेपणा तिच्याकडून किती दिवस घेशील?

तुझी, अजून रागावलेली,
ताई


फेल्डहोवन,
१९ नोव्हेंबर २०२०

ति. जयंतीताईंना,
संहिताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहीत आहे. दोन लिटरचा ऑक्सिजन आता पाच लिटरवर गेला आहे. जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली हॉलमध्ये आणला. अंघोळ झाली की अर्धा तास कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. आम्ही तिघंही घरातच. अमृताची शाळा लॅपटॉपवर, माझं ऑफिस लॅपटॉपवर, आणि ह्यांचा तो तक्ता. रोज एक नवा रकाना वाढतो. अमृता हल्ली मराठीत काही विचारलं तरी डचमध्ये एका शब्दात उत्तर देते आणि दार लावून घेते. ती घाबरली आहे हे मला कळतं, पण मीही माणूसच आहे, मलाही ओरडावंसं वाटतं.

इथे यंदा नवीन कायदा आला. अवयवदानाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, असं सरकारचं पत्र घरोघरी येतं. मलाही आलं. मी हो भरलं. हे हसून म्हणाले, तू त्रेचाळीसची, म्हणजे माझ्या मर्यादेत बसतेस. ताई, मी हातातला कप टेबलावर इतक्या जोरात ठेवला की बशी फुटली.

त्यानंतर जे बोलले ते तुम्हाला कळवायचं आहे. मग म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज मला माझ्या छातीतून ऐकायचा नाही. मी विचारलं, म्हणजे काय? तर मान फिरवून झोपल्याचं सोंग. मला त्याचा अर्थ लागला नाही. तुम्हाला लागेल असं वाटतं. तो लागला तर कृपा करून काहीतरी करा, कारण माझं सगळं बोलून झालं आहे.

आपला हात पाठीवर असू द्यावा.

आपली,
संहिता


पुणे,
२ डिसेंबर २०२०

चि. आशुतोष यास,
अनेक आशीर्वाद.

आज मी भांडणार नाही, तेव्हा नीट वाच.

दादांचं शेवटचं वर्ष तुला आठवत असणारच. चौऱ्याण्णव साल. तुझी इंजिनियरिंगची परीक्षा, आणि दादा बाहेरच्या खोलीत उशांना टेकून बसलेले. त्यांच्या श्वासाची शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. मी माहेरी आले की तू मला कानांवर उशी दाबून पुस्तकात डोकं घातलेला दिसायचास. मी तुला त्यावरून बोललेही होते. वडील असे बसलेत आणि तू कान झाकतोस, म्हणाले होते. ते मी बोलायला नको होतं. वीस वर्षांचा होतास. इतक्या वर्षांत हे तुला सांगायचं राहून गेलं, आज सांगते.

पण तुझा एक मोठा गैरसमज आहे. तुला वाटतं, ती म्हातारपणाची धाप होती. आशू, दादा म्हातारे नव्हते. जाताना अठ्ठावन्न वर्षांचे होते, मी आज आहे त्याहून तीन वर्षांनी लहान. ती शिट्टी वयाची नव्हती, रोगाची होती. तेव्हा डॉक्टरांनी दमा म्हणून सोडून दिलं. आज तुझ्या रिपोर्टवर जे नाव आहे तेच ते असणार. म्हणजे ज्या आवाजाला तू इतका घाबरतोस, तो कुठल्या परक्या म्हाताऱ्याकडून यायचा राहिलेला नाही. तो तुझ्याच सेहेचाळीस वर्षांच्या छातीत आहे. आपल्या सगळ्या घरात आज सर्वांत जुनी फुप्फुसं तुझी आहेत.

हे लिहिताना मला काय होतंय ते मी लिहीत नाही.

या आठवड्यात त्या डॉक्टरीणबाईंची वेळ घे. तुझा तक्ता घेऊन जा. त्यांना दाखव आणि त्या काय म्हणतात ते मला जसंच्या तसं कळव, तुझी मतं मध्ये न घालता. नाही गेलास तर मी त्यांना पत्र लिहीन, मराठीतून. बसू देत शोधत कुणी वाचून दाखवणारा.

तुझं बरं व्हावं म्हणून अडून बसलेली,
ताई


फेल्डहोवन,
१२ फेब्रुवारी २०२१

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला दोन महिने लागले. एक ओळ लिहिली की थांबावं लागतं, तेव्हा हे पत्र चार दिवसांत पुरं झालंय असं समज. संहिताने तुला काय काय कळवलं ते मी तिला विचारलेलं नाही. दादांबद्दल तू लिहिलंस ते तीनदा वाचलं.

डॉक्टरांकडे जानेवारीच्या पाच तारखेला गेलो. जसंच्या तसं सांगतो. बाईंनी तक्ता पूर्ण बघितला, दहा मिनिटं. चांगला केलाय म्हणाल्या. मग म्हणाल्या, यात एक ओळ राहिली आहे. वाट बघता बघता जे गेले, त्यांची. तुम्ही तरुण फुप्फुसं आणि मोठ्या वयाची फुप्फुसं यांची तुलना केलीत, पण तुमच्यापुढे निवड ती नाही. मोठ्या वयाची मिळालेली, किंवा कुठलीच न मिळालेली, अशी आहे. आकड्यांत काही फरक असेल, तो मी नाकारत नाही, पण तो या दुसऱ्या फरकापुढे कुठे बसतो ते तुम्हीच भरा.

ताई, मी वीस वर्षं लोकांच्या तक्त्यांत राहिलेल्या ओळी शोधून पगार घेतो. तिथेच पेन मागितलं आणि मर्यादा खोडली.

आता पुढचं ऐक आणि तूही वैताग. गेल्या रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. फुप्फुसं आहेत, या. आणि बाहेर काय, तर कित्येक वर्षांत पडलं नव्हतं एवढं बर्फ. रेल्वे बंद, रस्त्यांवर लाल इशारा. अँब्युलन्सने नेलं, एरवी दीड तासाचा रस्ता, तीन तास लागले. संहिता पुढे बसून ड्रायव्हरला वाट सांगत होती, जसा काही तो इथला नव्हताच. पोचलो, रक्त दिलं, छाती धुऊन तयार झालो, अमृताशी व्हिडिओवर शहाण्यासारखं बोललो. चार तासांनी सर्जन येऊन म्हणाले, फुप्फुसं तपासली, तुमच्यासाठी पुरेशी चांगली नाहीत, घरी जा. जाता जाता मी विचारलंच, वय किती होतं? त्यांनी सांगायचं नसतं, पण एवढं म्हणाले, की वयाचा काही संबंध नव्हता, माणूस तरुण होता.

परतीच्या वाटेवर संहिता खिडकीकडे तोंड करून हसत होती. की रडत होती, मास्कमुळे कळलं नाही.

रागावत राहा, त्याने बळ येतं.

तुझा,
आशुतोष


फेल्डहोवन,
२७ एप्रिल २०२१

ति. जयंतीताईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतीच रडले, म्हणून आता नीट लिहिते. ऑपरेशन एकोणीस तारखेला झालं, सकाळी आठला आत नेलं, दुपारी साडेचारला बाहेर आणलं. दोन्ही फुप्फुसं बदलली. चार दिवसांनी श्वासाची नळी काढली. पहिलं वाक्य काय बोलले असतील? नर्सला म्हणाले, हा मॉनिटर दोन सेकंद उशिरा दाखवतोय. नर्सने कंपनीला कळवा म्हणून सांगितलं.

भेटायला रोज एकाच माणसाला सोडतात, तेही एक तास. अमृताला अजून आत सोडलेलं नाही. ती माझ्याबरोबर येते आणि पार्किंगमध्ये बसून राहते. मी म्हटलं, घरी थांब ना. तर म्हणाली, बाबा वर आहे, मी खाली आहे, मधे फक्त मजले आहेत. हे चक्क मराठीत म्हणाली.

आणि तुमच्या तिकिटाचं वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. दोन तारखेचं तिकीट, आणि काल, सव्वीसपासून भारतातून इकडे येणारी विमानंच बंद! पुण्यातल्या बातम्या बघवत नाहीत. तुम्ही दोघं दार उघडू नका. आम्ही निभावतो आहोत. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं छान फुलली आहेत.

अशीच काळजी करत राहा, पण घरात बसून.

आपली,
संहिता


पुणे,
४ मे २०२१

चि. सौ. संहिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मार्चमध्ये व्हिसा काढला, लस घेतली, टेस्टची वेळ ठरवली, लाडू केले. लाडू आम्ही दोघं खातो आहोत आणि एकमेकांशी भांडतो आहोत.

इथे काय चाललंय ते लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगमधले दामोदर काका गेले. त्यांचा मुलगा ऑक्सिजनच्या बेडसाठी तीन दिवस फिरत होता. आणि त्याच दिवशी तुझा व्हिडिओ आला, आशू नळीशिवाय खुर्चीत बसलेला. मी तो बंद केला, परत लावला, परत बंद केला. आनंद कुठल्या तोंडाने करायचा ते कळेना.

अमृताला माझी पापी दे. पार्किंगमध्ये जाताना स्वेटर घाल म्हणावं. तू दोन घास जास्त खा. तुझ्यावर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही.

तुझी,
ताई


फेल्डहोवन,
१८ जुलै २०२१

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरी येऊन पाच आठवडे झाले. रोज पंचवीसेक गोळ्या. संसर्ग नको म्हणून घरचं विरजण बंद, बाहेरचं खाणं बंद, माणसं बंद. सकाळी सायकल ट्रॅकच्या कडेने दोन किलोमीटर चालतो आणि इलेक्ट्रिक सायकलवरच्या आज्या घंटी वाजवून मला बाजूला करतात.

वैतागाचं कारण वेगळंच आहे. मला डोनरचं वय कुणी सांगत नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही, कोऑर्डिनेटर नाही. गुप्ततेचा नियम. मर्यादा खोडली ती खोडली, आता नकार द्यायचा नाहीये, नुसतं जाणून घ्यायचंय. श्वासाच्या चाचणीचा निकाल वाचून अंदाज बांधायला बघितलं, जमलं नाही. संहिता म्हणते, आरशासमोर उभं राहून छातीला विचारा.

त्यात डोनरच्या घरच्यांना आभाराचं पत्र लिहायचं असतं. नाव, गाव काही घालायचं नाही, मधली संस्था वाचून पुढे पाठवते. मी आधी मराठीत लिहायला बसलो, मनातलं तरी खरं येईल म्हणून. तीन दिवस झाले, मायन्याच्या पुढे गेलेलो नाही. जो गेला तो माझ्याहून मोठा असेल तर त्याच्या घरी ‘तीर्थरूप’ म्हणणारं कुणी असेल. लहान असेल तर मी कुठल्या तोंडाने त्याच्या आईवडिलांना लिहू? बायको असेल, मुलं असतील, कोण उघडेल ते पाकीट? आपल्या भाषेत वय कळल्याशिवाय पत्र सुरूच होत नाही, हे मला आजवर कळलं नव्हतं.

सुचव काहीतरी. टोमणे सोबत आले तरी चालतील.

तुझा,
आशुतोष


पुणे,
२५ जुलै २०२१

चि. आशुतोष यास,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस मायन्यावर! धन्य.

‘सप्रेम नमस्कार’ लिही. ते लहानाला चालतं, मोठ्याला चालतं, ओळखीच्याला आणि अनोळखीलाही. आणि पुढे आकडे, निबंध, टक्के काही लिहू नकोस. तुमचं माणूस गेलं याचं मला वाईट वाटतं, हे पहिलं. मी सकाळी दोन किलोमीटर चालतो, हे दुसरं. मला एक मुलगी आहे, हे तिसरं. बास. वय विचारलंस तर याद राख.

मीही इथे अवयवदानाचा फॉर्म भरला. ह्यांनी विचारलं, तुझं आता कोण घेणार? मी म्हटलं, ते घेणाऱ्याने ठरवावं, मी माझ्या बाजूने का खोडू?

सुखी राहा आणि ते पत्र एकदाचं टाक.

तुझी,
ताई


फेल्डहोवन,
१६ जानेवारी २०२२

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उत्तर आलं.

डचमध्ये, हाताने लिहिलेलं, दोन पानं. मला बरंचसं कळत होतं, पण अमृताने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि मी वाचून दाखवते म्हणाली. एकेक वाक्य मनात वाचायची, थांबायची आणि मराठीत सांगायची. अडली की आईकडे बघायची. संहिता शब्द पुरवत होती.

लिहिणारा एक नवरा आहे. बायको गेली त्याची. मायना आहे ‘प्रिय अनोळखी’. दुसऱ्याच ओळीत बायकोचं वय लिहिलेलं होतं, आणि संस्थेने नेमकी त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवली आहे! मी कागद उजेडात धरला, मागून बघितला. अमृता म्हणाली, बाबा, लाज वाटू दे.

पुढे लिहिलंय, की ती चिडखोर होती, बागेतल्या गोगलगायी वेचून शेजारच्याच्या कुंपणापलीकडे टाकायची, चर्चमध्ये सगळ्यांच्या एक सूर पुढे गायची. सरकारचा तो कायद्याचा कागद आला तेव्हा म्हणाली होती, माझ्या वयाला आता कोण विचारतंय, पण भरून ठेवते. आणि मग लिहिलंय, की आम्ही एकोणपन्नास वर्षं खिडकीवरून भांडलो. तिला जानेवारीतसुद्धा झोपायच्या खोलीची खिडकी उघडी लागायची, मला थंडी वाजायची. आता मी ती उघडीच ठेवतो. तुम्हाला एकच विचारायचं आहे, तुम्हाला खिडकी उघडी लागते का?

संस्थेने वयावर पट्टी लावली आणि एकोणपन्नास वर्षांचा संसार तसाच राहू दिला. हिशेब मनात आपोआप झाला, ताई. सत्तरीची, थोडी अलीकडे किंवा पलीकडे. दीड वर्ष ज्या आकड्यासाठी मी घरातल्या सगळ्यांना छळलं, तो असा आला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. त्या माणसाचं वाटलं. थंडीत खिडकी उघडी टाकून बसलेल्या. मी अमृतासमोर इतका रडलो की ती घाबरली, मग म्हणाली, रड, पण मास्क नको लावूस, ओला होईल.

उत्तर आज पाठवलं. खोटं लिहिलेलं नाही. मला खिडकी बंदच लागते, मी उबेच्या देशातला आहे, असं लिहिलं. मग लिहिलं, की तुमचं पत्र आल्यापासून रोज सकाळी उठल्यावर मी खिडकी उघडतो आणि दहा मिनिटं तिथे उभा राहतो. बायको हीटरच्या नावाने ओरडते. मी तिला थांब म्हणतो आणि पूर्ण श्वास घेतो, आवाज न करता.

ये आता. विमानं सुरू आहेत, निमित्तं संपली आहेत.

तुझा लाडका, आणि तुला सदैव त्रास देणारा,
आशुतोष